शेवटच्या धड्यातली हिरवाई

राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात सोळा प्रकरणे आहेत. हरित रसायनशास्त्र येते ते सोळाव्या प्रकरणात, आणि तेही नॅनोरसायनाशी जागा वाटून घेऊन. सोळावे म्हणजे शेवटचे. शेवटचे म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेच्या धांदलीत, "हे तुमचे तुम्ही वाचून घ्या" असे सांगून उरकायचे. पंगतीत बाया शेवटी बसतात, उरलेसुरले खातात, तशी ही पृथ्वी सांभाळण्याची विद्या अभ्यासक्रमाच्या शेवटी बसवली आहे.

मी जालना जिल्ह्यात बरीच वर्षे अकरावी-बारावीच्या मुलींना रसायनशास्त्र शिकवले आणि जवळपास तितकीच वर्षे महिला संघटनेचे काम केले. या दोन्ही कामांतून जे मत पक्के झाले ते इथे भांडून मांडायचे आहे. शाश्वत विकासाचे धडे आज ज्या रीतीने शिकवले जातात, त्यांनी आपल्या मुली रसायनशास्त्राच्या जवळ येत नाहीत. ज्या बाया रोज रसायने कालवतात, मोजतात, धुतात, श्वासावाटे घेतात, त्यांचा या धड्यांत पत्ताच नाही. आपली आई ज्या शास्त्रात कुठेच नाही, ते शास्त्र आपले आहे असे मुलीला का वाटावे?

हिरव्याचे दोन अर्थ

कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी तो सक्तीचा केला. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि सर्वांत कमी विषारी तो हिरवा. कमी विषारी, बिनविषारी नव्हे. आता ज्या मुलीने शाळेत 'हिरवे ते चांगले' असे घोकले आहे, पर्यावरण दिनाला हिरव्या कागदाची पाने कापून भिंतीवर चिकटवली आहेत, तिने शेतात तो हिरवा त्रिकोण पाहिला तर ती काय समजेल? हे तिला कोणत्याही इयत्तेत कुणी सांगत नाही. त्रिकोण डब्यावर, डबा शेतात, आणि रसायनशास्त्र मात्र वर्गात. या दोहोंच्या मधून रोज ये-जा करते ती ही मुलगी.

बायांच्या दिवसाचा हिशोब मांडून बघा. फवारणीचा पंप बहुतेक वेळा पुरुषाच्या पाठीवर असतो. पण विहिरीवरून पाणी आणून पिंपात भरते बाई. औषध टोपणाने मोजून काडीने ढवळते बाई. फवारलेल्या शेतात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुरपायला वाकते बाई. संध्याकाळी औषधाने भिजलेले कपडे हाताने चोळून धुते बाई, आणि त्याच बादलीत पुढे मुलांचे कपडेही पडतात. दिवाळीपासून किलोवर मजुरी घेऊन उघड्या हातांनी कापूस वेचतात त्याही बाया आणि पोरी. कृषी सेवा केंद्रात मिळणारे हातमोजे आणि बूट पुरुषाच्या मापाचे असतात, तेही कुणी मागितले तर. धुणारीला आणि कालवणारीला ते द्यावेत हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. सेंद्रिय फॉस्फरसची कीटकनाशके शरीरातल्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला अडवतात. मग नसांचा संदेश थांबत नाही, बाहुल्या आकसतात, तोंडाला फेस येतो, श्वास अडतो. हा विकर किती खाली गेला ते रक्ताच्या तपासणीत कळू शकते. रोज थोडे थोडे विष घेणाऱ्या बाईचे डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. तिला सांगितले जाते की अशक्तपणा आहे, गोळ्या घे. फवारणारा पडला तर निदान नोंद होण्याची शक्यता असते. कपडे धुणारीला तर कुणी विचारतही नाही की बाई, तू काल काय धुतलेस?

तपासणारी बाई शास्त्रज्ञ का नाही?

आपल्या गावागावांत रसायनशास्त्राचे आणखी एक काम बाया करतात. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर पाण्यात क्लोरीन उतरले का, हे पाहण्यासाठी ओटी चाचणी होते. नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने तर पुढची पायरी गाठली. प्रत्येक गावातल्या पाच बायांना पेटी देऊन पाणी तपासायला शिकवायचे ठरले: सामू, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, लोह. कागदावर पाहिले तर खेडोपाडी रसायन तपासणाऱ्या बायांची फौज उभी आहे.

पण या फौजेला कुणी रसायनतज्ज्ञ म्हणते का? गावातली सातवी शिकलेली बाई नायट्रेट तपासते, तेव्हा ती 'योजनेची लाभार्थी' असते. तेच नायट्रेट बारावीचा मुलगा प्रयोगशाळेत तपासतो, तेव्हा तो 'विज्ञान शाखेचा विद्यार्थी' असतो. काम एकच, नाव दोन. तिच्या वहीतल्या आकड्यांवरून पुढे विहिरीचे काही होते का, हेही तिला कुणी कळवत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको, असे भारतीय मानक आहे. शेतात ओतलेला युरिया आणि गावातली घाण झिरपून मराठवाड्यातल्या कितीतरी विहिरी ही मर्यादा ओलांडतात. तान्ह्या बाळाच्या रक्तातून प्राणवायू वाहून नेण्याच्या कामात हे जादा नायट्रेट अडथळा आणते. हे ज्या बाईच्या हाताने उघड होते, तिच्या हाताला मान नाही.

शिक्षणावर संशोधन करणाऱ्यांनी या मानाचाच अभ्यास केला आहे. अमेरिकेत हायडी कार्लोन आणि अँजेला जॉन्सन यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विज्ञान शिकणाऱ्या पंधरा गौरेतर स्त्रियांची वाटचाल त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली. 'मी विज्ञानातली आहे' ही ओळख घडायला तीन गोष्टी लागतात, असे त्या म्हणतात. विषय येणे, तो चार लोकांसमोर करून दाखवता येणे, आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशांनी 'होय, तू यातली आहेस' अशी मान्यता देणे. मान्यता नाकारली गेली की हुशार बाईचीही वाट काट्यांची होते. इंग्लंडमध्ये लुईझ आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करून असाच माग काढला. मुलांना विज्ञान आवडते, ते महत्त्वाचे आहे असेही वाटते, पण 'ते माझ्यासाठी नाही' असे बरीच मुले म्हणतात.

आपल्याला हे कळायला परदेशात जावे लागत नाही. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकाने घेऊन त्या बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. मग प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्षभर काम अधिकृत धरले जाणार नाही, आणि पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. म्हणजे विषय येत होता, करून दाखवायचीही तयारी होती. नाकारली गेली ती नेमकी मान्यता. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. उतारवयात त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामात पडल्या आणि बायांच्या स्वयंपाकघरातल्या भेसळीविरुद्ध आपली विद्या वापरली. प्रयोगशाळेतून बाजारात उतरलेले हे रसायनशास्त्र. आपल्या पुस्तकांनी तो धडा पहिल्या पानावर छापायला हवा होता.

वेगळा काढलेला विषय

'पण पर्यावरण तर सक्तीचे आहे ना?' असे म्हणणारे भेटतातच. आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण सर्व पातळ्यांवर शिकवा असा आदेश दिला. अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा श्रेणीचा विषय आला. या विषयात कुणी नापास होत नाही, आणि म्हणूनच तो कुणी शिकवत नाही. प्रकल्पाच्या वह्या एकीच्या दुसरी उतरवते. 'पाणी वाचवा, जीवन वाचवा' असे रंगीत खडूने लिहायचे आणि गुण घ्यायचे.

हे कुठे, तर जालन्यात. २०१२-१३ च्या दुष्काळात या शहराने घाणेवाडीचा तलाव कोरडा पाहिला आणि टँकरमागे धावणाऱ्या बाया पाहिल्या. ज्या मुलीच्या डोक्यावर हंडा आहे तिलाच 'नळ बंद ठेवा' असे सांगायचे! तिच्या घरी नळ आहे का, हे आधी विचारा. सळयांच्या गिरण्यांचा धूर, कुंडलिकेत उतरणारी गटारे, उसाला जाणारे पाणी यांच्याबद्दल त्या वहीत ओळ नसते. शाश्वत विकासाचा सगळा भार मुलीच्या सवयींवर टाकायचा आणि कारखानदाराच्या, शासनाच्या सवयींना हातही लावायचा नाही, अशी ही चतुर व्यवस्था आहे.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याच वेळी काय चालते? 'क्षार क्रमांक सात' म्हणून पांढरी भुकटी हातात मिळते. त्यात शिसे निघाले की मुलीला गुण मिळतात आणि शिसे बेसिनमध्ये जाते. बेसिन कुठे रिकामे होते हे कुणी विचारत नाही. भिंतीच्या पलीकडच्या वर्गात हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे पाठ होत असतात. त्यांतले पहिलेच तत्त्व सांगते की घाण करून निस्तरण्यापेक्षा ती होऊच न देणे बरे.

केंद्राचे तर विचारूच नका. एनसीईआरटीने २०२२ मध्ये 'बोजा कमी करायचा' म्हणून अकरावीच्या रसायनशास्त्रातले पर्यावरणीय रसायनशास्त्राचे प्रकरणच काढून टाकले. बारावीतले 'दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र'ही गेले. बोजा झाला तो नेमका जीवनाचाच.

बारा तत्त्वांना माझा विरोध नाही. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी ती १९९८ मध्ये मांडली आणि ती मोलाची आहेत. भोपाळला १९८४ मध्ये जो मिथाइल आयसोसायनेट वायू फुटला, तो कार्बारिल हे कीटकनाशक बनवण्यासाठी साठवलेला होता. तो न साठवता कार्बारिल बनवण्याचा मार्ग रसायनशास्त्राला माहीत होता. हे प्रत्येक वर्गात शिकवले पाहिजे. पण या बारा तत्त्वांत मजुरी नाही, जात नाही, बाई नाही. रेणू सुरक्षित करा म्हणतात. तो कोण कालवते ते विचारत नाहीत. तेरावे तत्त्व आपल्याला लिहावे लागेल.

जालन्याचे हे दुसरे चित्र

जालन्याला रसायनशास्त्र नवीन नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, आणि जालना 'बियाण्यांची राजधानी' म्हणून ओळखले जाऊ लागले. बारवाले यांना १९९८ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळाले. संकरित बियाण्यासाठी फुला-फुलातले पुंकेसर बोटांनी खुडून परागीकरण करायचे काम बहुतेक बाया आणि पोरींचे, पण कौतुकाच्या भाषणात त्यांचा उल्लेख आला तर 'मजूर' म्हणून. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा फवारणी कमी होईल असे सांगितले गेले. पंधरा वर्षांनी यवतमाळ झाले.

२०१८ पासून मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे मराठवाडा संकुलही जालन्यात आले आहे. मूळ संस्था १९३३ ची. त्याच साली बंगलोरात कमलाबाईंना दार बंद झाले होते. ही संस्था इथे आली याचा मला आनंद आहे. पण घनसावंगीची, मंठ्याची मुलगी तिथे पोचणार कशी? प्रवेश देशपातळीवरच्या परीक्षेतून. त्या परीक्षेचे क्लास शहरात, फी लाखांत. दहावीपर्यंत आम्ल, अल्कली, क्षार म्हणत आलेली जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलगी अकरावीला आली की सारे एका दिवसात इंग्रजी होते, आणि तिला वाटते आपल्याला काहीच येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरची असेल तर दिवाळीच्या सुमारास ती कारखान्यावर जाते आणि हंगाम संपल्यावरच परतते. प्रात्यक्षिके तोवर उरकलेली असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या साधारण दर तिघींपैकी एकीचे लग्न अठराच्या आत झालेले होते. या मुलींना 'रसायनशास्त्रात रुची नाही' असा शेरा मारणे हा शुद्ध निर्लज्जपणा आहे.

आपल्याच मैत्रिणींशी भांडण

आता थोडे घरातले. आपल्या चळवळीतल्या काहीजणींना वाटते की रसायन हेच विष, आणि बाई म्हणजे निसर्ग. बाईने प्रयोगशाळेच्या वाटेला न जाता परंपरेचे शहाणपण जपावे. १९८८ मध्ये वंदना शिवांनी 'स्टेइंग अलाइव्ह'मध्ये हा विचार जोरकस मांडला. १९९२ मध्ये बीना अग्रवालांनी त्याला उत्तर दिले. बाईचे निसर्गाशी नाते रक्तातून येत नाही. जमीन कुणाच्या नावावर, काम कुणाच्या वाट्याला, वर्ग आणि जात कोणती, यांतून ते घडते. मी अग्रवालांच्या बाजूची आहे. लाकूडफाटा आणणारी बाई जंगलाला जपते, कारण तिला दुसरे इंधन नाही. तिला 'निसर्गकन्या' म्हणून ओवाळणे म्हणजे तिच्या कष्टाला देव्हाऱ्यात बसवणे.

पाणीही रसायनच आहे, मीठही आणि दूधही. रसायन चांगले की वाईट हा प्रश्नच फसवा आहे. कोणते, किती, कुणासाठी, कुणाच्या अंगावर, हे विचारायला रसायनशास्त्र यावे लागते. भोपाळच्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांना कंपनीने विष पाजले. त्यांनी वायूचे नाव शिकून घेतले, मातीत आणि पाण्यात काय उरले ते विचारले, आणि २००४ मध्ये गोल्डमन पुरस्कार घेतला तेव्हाही तोच प्रश्न विचारत राहिल्या. विषाचे नाव माहीत नसेल तर बोट कुणाकडे दाखवणार?

आणि ज्या मैत्रिणी 'विज्ञान शाखेत मुली किती टक्के' एवढेच मोजतात, त्यांनाही विचारायचे आहे: मुली आल्या, पण त्यांनी काय शिकायचे, कुणाच्या बाजूने शिकायचे, हे कोण ठरवणार?

मग करायचे काय?

हरित रसायनशास्त्र सोळाव्या प्रकरणातून उठवून पहिल्यापासून प्रत्येक प्रकरणात बसवा. 'द्रावणे' शिकवताना पंधरा लिटरच्या पंपाचे गणित घाला: टोपण अर्धे की पूर्ण, त्याने संहती किती बदलते. 'रासायनिक गतिकी'त औषधाचे अर्धायुष्य घ्या. फवारल्यावर भाजी तोडायला किती दिवस थांबायचे ते त्यातून समजते. २००५ पासून भाज्यांवर बंदी असलेले मोनोक्रोटोफॉस कोणत्या रंगाच्या त्रिकोणाचे, ते डबा दाखवून विचारा. एस्टरचे जलविघटन शिकवताना सांगा की फॉस्फरसची बरीच कीटकनाशके अल्कलीत लवकर फुटतात. म्हणून फवारणीचे कपडे वेगळे, हातमोजे घालून, भरपूर साबणाने धुवायचे. आणि 'अमाईन्स' शिकवताना ओटी चाचणीची बाटली टेबलावर ठेवा. ऑर्थोटोलिडीन हे ॲरोमॅटिक अमाईन आहे, आणि कर्करोगाचा संशय असलेल्या पदार्थांत त्याची गणना होते. डीपीडी हा त्याहून सुरक्षित पर्याय आहे. मग गावातल्या बाईच्या हातात अजून ओटी का, हे पत्र मुलींनी जिल्हा परिषदेला लिहावे. बारा तत्त्वांतले एक तत्त्व त्यांनी प्रत्यक्ष केले, असे मी मानीन.

पाणी तपासणाऱ्या पाच बायांना महाविद्यालयात बोलवा, मानधन द्या, प्रात्यक्षिक त्यांच्याकडून शिका. मुलीची आई वर्गासमोर उभी राहून नायट्रेट तपासते, हे ज्या दिवशी घडेल त्या दिवशी मान्यतेचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. ऊसतोडीहून परतलेल्या मुलींसाठी उन्हाळ्यात प्रात्यक्षिकांची दुसरी फेरी घ्या. पुस्तक इंग्रजीत असले तरी शिकवणे आणि उत्तरे दोन्ही भाषांत चालू द्या. ग्रामीण रुग्णालयात फवारणीच्या हंगामात विकराची रक्ततपासणी सुरू करा, आणि विषबाधेच्या नोंदीत कालवणारी, धुणारी, वेचणारी असे रकाने घाला.

हे काम शासन आपणहून करणार नाही. ते संघटनांनी हाती घ्यायचे आहे. येत्या हंगामात आपापल्या गावात तपासणीची पेटी कुठे धूळ खात पडली आहे ते शोधा. उघडा. शेजारच्या महाविद्यालयातल्या मुली बोलवा. आलेले आकडे गावातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि खाली तपासणाऱ्या बायांची नावे लिहा. ती भिंत जो पुसायला येईल, त्याला आधी ग्रामसभेत उत्तर द्यावे लागेल.